अठरा मिलिमीटरचा हॉल

कोथरूडमधल्या मयूर कॉलनीजवळ एका जुन्या सोसायटीत टू बीएचकेचे फोटो काढायला गेले होते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. फ्लॅट विकायला काढलेला आणि त्याचे फोटो आधीच एकदा काढून झालेले. तरी एजंटने मला बोलावलं, कारण पार्ट्या येत होत्या आणि पाच मिनिटांत परत जात होत्या.

काकूंनी दार उघडलं तेच या विषयावर. "लोक आत येतात, हॉलकडे बघतात आणि तोंडं पडतात गं त्यांची. एवढं काय वाईट आहे माझं घर?"

घर अजिबात वाईट नव्हतं. हॉलला पूर्वेचा उजेड होता आणि स्वयंपाकघराला लागून चांगली मोकळी गॅलरी. मी जुने फोटो मोबाइलवर उघडले आणि हॉलमध्ये उभी राहिले. लेन्स बारा मिलिमीटरच्या आसपासची असणार; हा आकडा जितका लहान, तितकं जास्त एका फोटोत मावतं. दहा बाय चौदाचा हॉल फोटोत मंगल कार्यालयासारखा दिसत होता. समोरची भिंत पार लांब गेलेली. कडेला ठेवलेला काकूंचा पितळी हंडा आडवा ताणला जाऊन लंबगोल झालेला.

रेषा सरळ ठेवणारी कुठलीही वाइड लेन्स कडेला हे करतेच, कितीही महाग असली तरी. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यावर, २४ मिमीला फ्रेमच्या अगदी कडेला असलेला चेंडू उंचीच्या सव्वापट रुंद दिसतो, १६ ला दीडपट, १२ ला पावणेदोनपटीच्याही वर. समोरच्या भिंतीवरचं घड्याळ मात्र गोलच राहतं, कारण ते सेन्सरला समांतर असतं. त्यामुळे घड्याळ बघून फोटो खरा वाटतो आणि हंड्याकडे कुणी नीट बघत नाही.

खोलीसाठी लेन्स निवडताना मी एकच हिशेब धरते. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, म्हणून १८ मिमीच्या लेन्सला आडवे बरोबर ९० अंश दिसतात. खोलीचा कोपराही ९० अंशांचाच. म्हणजे कोपऱ्यातून बघितलं की दोन्ही बाजूंच्या भिंती फ्रेमच्या कडांना धरून जातात आणि खोली पुरती कळते. दीडपट क्रॉपच्या, म्हणजे दीडपटीने लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर तेच काम १२ मिमी करते. माझ्या बॅगेत १६-३५ ची झूम लेन्स आहे, पण झूमची रिंग १८ च्या खाली मी नाइलाज असेल तरच नेते.

"मॅडम, अजून वाइड घ्या ना, सोळा आहे ना तुमच्याकडे?" एजंटचा आग्रह सुरू झाला. त्याचंही खोटं नव्हतं, पहिला फोटो मोठा दिसला नाही तर लोक पुढे जातात. नव्या प्रकल्पात जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं, तर रेराच्या, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याच्या, कलम १२ खाली बिल्डरला भरपाई द्यावी लागते. या जुन्या फ्लॅटला तो धाक नव्हता. इथे भरपाई काकूच देत होत्या, रोज चार माणसांची पडलेली तोंडं बघून. मी त्याला तेवढंच सांगितलं आणि हॉल २० वर घेतला.

ट्रायपॉड साधारण चार फुटांवर, कॅमेरा अगदी लेव्हलमध्ये. वाइड लेन्स जराशी खाली झुकली तरी दाराच्या चौकटी तिरक्या होतात. ट्यूब आणि पिवळे दिवे बंद केले, पडदे उघडले, खिडकीबाहेरचं झाड जळून पांढरं पडू नये म्हणून ब्रॅकेटिंग केलं, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो एकामागोमाग घेतले. स्वयंपाकघर गॅलरीच्या दारातून २४ ने घेतलं: कडाप्प्याचा ओटा, त्यावर पडलेलं ऊन, वरची मांडणी. बाथरूमला मात्र १६ शिवाय इलाज नव्हता. तिथली बादली आणि पिंप आधी बाहेर काढलं, म्हणजे कडेला ताणलं जाईल असं काही उरलं नाही.

तेवढ्यात एक जोडपं आलं, जुने फोटो बघूनच. नवऱ्याने खिशातून टेप काढून सोफ्याची भिंत मोजली. बायको काही बोलली नाही, पण काकू सांगत होत्या तोच चेहरा मला समोर दिसला. काकू पदराशी चाळा करत उभ्या. मला राहवलं नाही. मी तिला कॅमेऱ्यापाशी बोलावलं आणि हॉलचा फोटो दाखवला. तिने एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा हॉलकडे.

"हा आहे तसाच दिसतोय," ती म्हणाली. मी पुढचा फोटो दाखवला. "ही गॅलरी याच घराची? आधीच्या फोटोंत नव्हती ही!"

नव्हतीच. आधीच्या माणसाने सगळा जोर हॉलवर लावला होता. मग ते दोघं काकूंबरोबर गॅलरीत गेले. पाणी किती वाजता येतं, मेंटेनन्स किती, वॉशिंग मशीन कुठे बसेल, अशा चौकशा सुरू झाल्या. काकूंनी चहा टाकला. सौदा त्या दिवशी ठरला नाही, पण माणसं चहा घेऊन गेली.

एजंटने संध्याकाळी जुने फोटो काढून टाकले आणि गॅलरीचा फोटो पहिला लावला. रात्री त्याचाच फोन. कर्वेनगरला एक वन बीएचके आहे, हॉल याहूनही लहान, होईल का वीसने? होईल म्हटलं, फक्त दारासमोरचा दिवाण मी यायच्या आत हलवून ठेवा.