भाजीचा वार

पूर्वी गरीब विद्यार्थी गावात वार लावून जेवत. ज्या घरी जो वार, त्या घरी जे शिजेल ते पानात. शेताचं सभासद होणं हा त्याच जातीचा प्रकार, फक्त इथे पैसे आपण देतो आणि तेही आधी. हंगामाच्या तोंडावर ठरलेली रक्कम शेतकऱ्याच्या हाती ठेवायची, मग दर आठवड्याला ठरल्या वारी शेतात जे निघेल त्यातला आपला वाटा आणायचा. जपानात ही रीत १९७० च्या दशकात रुजली, अमेरिकेत १९८६ पासून. गोव्यात मात्र तिला वायंगणाचं, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या हिवाळी पिकाचं, पंचांग पाहावं लागतं.

ऑक्टोबरात भात कापून झालं की मळ्यात वाफे पडतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेली तांबडी भाजी (लाल माठ) महिन्याभरात उपटायला येते, मुळा दीड महिन्यात, भेंडी ५० दिवसांच्या आसपास. वांग्याची रोपं चार आठवडे गादीवाफ्यात, आणि लावणीनंतर आणखी दोनेक महिने वाट. त्यामुळे डिसेंबरच्या टोपल्या पाहून नव्या सभासदांचे चेहरे पडतात. तांबडी भाजी, मुळा, पुन्हा तांबडी भाजी. ‘पैसे घेतले आणि पाला दिला’ ही कुरकुर याच दिवसांतली. फेब्रुवारीत हीच मंडळी वांगी शेजारीपाजारी वाटत फिरतात.

शेतकऱ्याचं खरं कसब टप्प्याटप्प्याने पेरण्यात आहे. २० घरांना आठवड्याला ४ किलो म्हणजे ८० किलो भाजी, आणि ती दर आठवड्याला. तांबडी भाजी सगळी एकदम पेरली तर एकाच आठवड्यात तिचा ढीग होतो आणि पुढे उरलेलीला तुरे येतात. म्हणून दर आठ-दहा दिवसांनी एकेक वाफा. हे ज्याला जमत नाही, त्याच्याकडे नाव घालू नये, माणूस कितीही गोड असला तरी.

नाव घालताना लोक दर विचारतात. विचारायचं ते पाणी: एप्रिलमध्ये विहीर किती राहते? त्याखालोखाल, आपण गावी गेलो तर त्या आठवड्याची टोपली दुसऱ्या कुणाला उचलता येते का? आणि पीक बुडालं तर पैसे परत मिळतात का? या शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असं सरळ सांगणारा शेतकरी बरा. बुडण्यातला वाटाही आपण घेतलेला असतो, म्हणून तर त्याला बी-खतासाठी उसनवारी करावी लागत नाही. बेळगावहून घाट उतरून येणाऱ्या भाजीत असला वाटा घ्यावा लागत नाही, हे मान्यच.

बुडतं कशाने? माकडं आणि गवेरेडे आहेतच. खाडीकाठच्या खाजन शेतीत बांध फुटून खारं पाणी शिरलं, तर पुढचं सगळं गणितच चुकतं. पण वांग्याच्या मुळावर उठते ती मर. सकाळी टवटवीत असलेलं झाड दुपारी मान टाकतं, आणि पाच-सहा दिवसांत वाळून उभं राहतं. अशा झाडाच्या बुंध्याचा ताजा तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगला, तर थोड्याच वेळात कापातून दुधाळ धागा खाली उतरताना दिसतो. ते जंतू. ते मातीतच राहतात, म्हणून त्या जागी पुढच्या खेपेला टोमॅटो किंवा मिरची नको, तीही वांग्याच्याच कुळातली. त्या वर्षी टोपलीत वांगी कमी आली तर निदान कारण माहीत असतं.

टोपली घरी आली की तासाभरात हात लावावा. तांबडी भाजी मुळासकट येते, मातीसकट. मुळं छाटायची, पण धुवायची नाही. ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी चिकट होते. सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि चिरण्याआधी तीन पाण्यांतून काढावी. मुळ्याचा पाला लगेच तोडावा, नाहीतर तो मुळ्यातलं पाणी ओढतो आणि मुळा भेंड होतो. तो पालाही टाकायचा नसतो, हे सांगायला नको. वांगी फ्रिजमध्ये घालू नयेत, गारठ्याने सालीवर खड्डे पडतात आणि आतल्या बिया काळ्या होतात. आठवड्याअखेर एक नवलकोल, चार चिटक्या (गवारीच्या शेंगा), अर्धा मुळा असं काहीबाही उरतं, त्याचं खतखतं, म्हणजे मिसळीची रसभाजी. त्यात पडणारी तिरफळं मात्र टोपलीत येत नाहीत, ती डब्यात असावीत.

मे महिन्यात टोपली हलकी होते आणि पावसाळा लागल्यावर बहुतेक ठिकाणी थांबते, कारण मळा पुन्हा भाताचा. भाजी तेव्हा डोंगरउतारावर चढलेली असते. जुलै सरता सरता वार पुन्हा लागतो: भेंडी, दोडकी आणि एक तवशी, म्हणजे पावसाळी काकडी, इतकी थोराड की टोपलीत आडवी मावत नाही. कोवळी असेल तर कोशिंबीर. जून निघाली तर किसून, रवा, गूळ आणि खोबरं घालून तवसळी.