तुम्ही विचारलंत म्हणून: क्लासला यायच्या आधी काय काय घेऊ?

मी मोठ्या माणसांना चित्रकला शिकवते. मोठी म्हणजे नोकरी सांभाळून येणारी, रिटायर झालेली, शाळा सुटल्यापासून ब्रश हातात न धरलेली. नवीन बॅच सुरू व्हायच्या आठवड्यात मला एकच प्रश्न दहा जणांकडून येतो, मॅडम सामान काय काय घेऊ? फोनवर घाईत काहीतरी सांगितलं जातं आणि मग ती व्यक्ती दुकानात जाऊन शंभर प्रकारच्या ट्यूब बघून गोंधळते, म्हणून यावेळी सगळं नीट लिहूनच काढते.

आधी थेट उत्तर देते. कमी घ्या. आणि कमी घेऊन जे पैसे वाचतील ते कागदावर घाला.

बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. रंगांचा मोठा बॉक्स घेतात, ब्रशचा बारा नगांचा सेट घेतात आणि मग आता शिकायचंच तर आहे म्हणून कागद सगळ्यात स्वस्तातला उचलतात. माझ्याकडे एक बाई यायच्या, साठीच्या आसपासच्या, पहिल्या दिवशी आम्ही आकाशाचा साधा वॉश, म्हणजे पाणी जास्त घालून पसरवलेला रंगाचा पातळ थर, करत होतो, वर गडद निळा आणि खाली येत येत फिका. त्यांचा कागद पाणी लागताच फुगला, मधे खड्डा पडला, खड्ड्यात रंग साचला, तो पसरवायला त्यांनी परत ब्रश फिरवला तर कागदाचे बारीक बारीक गोळे निघायला लागले. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि हळूच म्हणाल्या, माझा हात बसत नाही हो, लहानपणीही नव्हताच बसत. मी माझ्या पॅडमधला एक तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. ब्रश त्यांचाच, रंग तोच, पाणी तेच. निळा रंग आपोआप खाली उतरत गेला, कुठे रेघ नाही, डाग नाही. त्या बराच वेळ नुसत्या त्या तुकड्याकडे बघत बसल्या होत्या. चाळीस-पन्नास वर्षं त्यांनी हाताला दोष दिला होता आणि कदाचित लहानपणीही चूक कागदाचीच असेल. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं, आणि म्हणूनच मी कागदाबद्दल इतकी हट्टाने बोलते.

तर कागद. जलरंगासाठी ३०० जीएसएमचा घ्या. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम ते, प्रिंटरचा कागद ७०-८० असतो, त्यावरून फरकाचा अंदाज येईल. पण नुसत्या जाडीवर जाऊ नका, कारण लाकडाच्या लगद्याचा ३०० आणि कापसाचा ३०० यात फार अंतर आहे. कव्हरवर शंभर टक्के कॉटन लिहिलेलं असतं ते बघा. कापसाचे धागे लांब आणि चिवट असतात, त्यामुळे तुम्ही रंग पुसलात, परत लावलात, तरी कागद लगेच उसवत नाही. शिवाय चांगल्या कागदाला सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, केलेलं असतं, बऱ्याचदा जिलेटिनचं, त्यामुळे रंग लगेच आत शोषला जात नाही, थोडा वेळ वर ओला राहतो, आणि शिकणाऱ्या माणसाला तोच वेळ हवा असतो. विचार करायला, कड मऊ करायला, जास्तीचा रंग ब्रशने उचलून घ्यायला. हात बसलेला चित्रकार साध्या कागदावरही काम काढून घेतो, नवशिक्याला ते जमत नाही, म्हणजे चांगल्या कागदाची गरज खरं तर नवीन माणसाला जास्त आहे. पोत कोल्ड प्रेस घ्या, मध्यम खरखरीत. हॉट प्रेस गुळगुळीत असतो, त्यावर बारीक पेनचं काम छान होतं पण वॉश सांभाळणं अवघड. रफ म्हणजे सगळ्यात खरखरीत, तो नंतर कधीतरी.

नुसत्या पेन्सिल ड्रॉइंगला मात्र एवढा महाग कागद नको. साधं १२०-१५० जीएसएमचं स्केचबुक पुरे, आणि ते असं असू द्या की खराब करायला भीती वाटणार नाही. फार सुंदर बांधणीचं स्केचबुक घेतलं की पहिलं पान कोरंच राहतं, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मीच नवीन वहीच्या पहिल्या पानावर मुद्दाम सगळ्यांना रेघोट्या मारायला लावते.

पेन्सिली चार. एचबी, २बी, ४बी, ६बी. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. फ्रान्समधल्या निकोला-झाक काँतेने १७९५ मध्ये ग्रॅफाइटची भुकटी मातीत मळून भाजायची पद्धत काढली, माती जास्त घातली की पेन्सिल कडक आणि फिकट, कमी घातली की मऊ आणि काळी, आपल्या एच आणि बी मागे तेच गणित आहे. २४ पेन्सिलींचा पत्र्याचा डबा दिसायला मोहात पाडतो पण त्यातल्या कडक एच पेन्सिली तशाच पडून राहतात. सुट्ट्या घ्या. आणि एक मळायचं खोडरबर घ्या, राखाडी रंगाचं, कणकेसारखं मऊ, ते घासायचं नसतं, टोक काढून कागदावर नुसतं दाबायचं आणि उचलायचं, ग्रॅफाइट त्याला चिकटून येतं. गालावरचा उजेड, भांड्यावरची चमक अशीच काढतात. पहिल्यांदा हे केल्यावर लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात, कारण आतापर्यंत खोडरबर म्हणजे चूक पुसायची वस्तू एवढंच माहीत असतं.

आता रंग. इथे मी स्वतः चुकले होते त्यामुळे जरा सविस्तर सांगते. शिकायला लागले तेव्हा मी ४८ रंगांचा सेट घेतला, हिरवेच सात होते त्यात. दोन वर्षं मी झाडाला ट्यूबमधला हिरवा लावत राहिले आणि मिक्सिंग काही शिकलेच नाही, कारण शिकायची वेळच येत नव्हती. आता मी सात ट्यूब सांगते. दोन पिवळे, एक लिंबासारखा थंड आणि एक केशरीकडे झुकणारा. दोन लाल, एक शेंदरीकडे जाणारा, एक गुलाबीकडे. दोन निळे, अल्ट्रामरीन आणि फ्थॅलो. आणि सातवा बर्न्ट सिएना.

दोन-दोन का, तर कुठलाच रंग नेमका मधला नसतो. अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकलेला, फ्थॅलो हिरव्याकडे. फ्थॅलोत लिंबू पिवळा मिसळला तर कोवळ्या पानाचा चकचकीत हिरवा येतो. तेच अल्ट्रामरीनमध्ये केशरी पिवळा घातला की हिरवा मंद आणि मातकट होतो, जुन्या पानांचा, सावलीतल्या झुडपाचा. दोन्ही हिरवे लागतात, आणि ते स्वतः बनवल्यावर डोळा वेगळंच बघायला लागतो. बाहेर फिरताना हा हिरवा कशातून येईल असा विचार सुरू होतो आणि तो काही थांबत नाही.

काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकत्र करून बघा, दोन्ही दाट घेतले तर जवळजवळ काळा, पाणी वाढवलं तर पावसाळी ढगांचा करडा, निळा जास्त तर थंड सावली, सिएना जास्त तर उबदार. एका जोडीत इतकं सगळं, मला तर अजूनही ते बघताना आनंद होतो. बर्न्ट सिएना म्हणजे भाजलेली माती हो, इटलीतल्या सिएना गावावरून नाव पडलं, पिवळसर लोहयुक्त माती तापवली की तिच्यातलं पाणी जातं आणि ती तांबूस होते. पांढराही जलरंगात सुरुवातीला नको, कागदच पांढरा आहे, तो राखायला शिकायचं.

स्टुडंट ग्रेड की आर्टिस्ट ग्रेड, हा पुढचा प्रश्न ठरलेला. स्टुडंट ग्रेडमध्ये रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते, त्यामुळे रंग जरा फिका पडतो. पण सगळ्या रंगांना हा फरक सारखा जाणवत नाही. माती रंग मुळातच स्वस्त असतात, ते स्टुडंट ग्रेडमध्येही चांगले मिळतात. फ्थॅलो इतका जोरकस असतो की थोडा कमी असला तरी पुरतो. अल्ट्रामरीनची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे, तो एकेकाळी अफगाणिस्तानातून येणाऱ्या लापिस लाझुली दगडापासून बनायचा आणि अतिशय महाग असायचा. १८२४ मध्ये फ्रान्समध्ये तो कृत्रिम रीतीने बनवणाऱ्याला ६००० फ्रँकचं बक्षीस जाहीर झालं, १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या केमिस्टला मिळालं, आणि तेव्हापासून तो साध्या माणसाच्या रंगपेटीत आला. म्हणून या तीन ट्यूब स्टुडंट ग्रेडच्या घ्या बिनधास्त. जमलं तर लाल आणि पिवळे तेवढे वरच्या ग्रेडचे घ्या, फरक तिथे दिसतो.

ट्यूबच्या मागे बारीक अक्षरं असतात ती वाचायची सवय लावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीबी १५ म्हणजे फ्थॅलो निळा, पीबीआर ७ म्हणजे सिएनासारखे माती रंग, कंपनी कुठलीही असो, कोड तोच. पुढचं मोहक नाव कंपनी काहीही देऊ शकते. एकाच ट्यूबवर तीन-तीन कोड असतील तर तो रंग आधीच मिश्रण आहे, त्यात तुम्ही अजून दोन घातले की गढूळ होणार, आणि परत दोष कुणाला तर हाताला. नावापुढे ह्यू लिहिलं असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी त्या छटेचं दुसरं काहीतरी आहे, ते वाईटच असतं असं नाही पण माहीत असावं. आणि गुलाबी लाल घेताना पीआर ८३ म्हणजे जुना अ‍ॅलिझरीन क्रिमसन टाळा, सुंदर आहे पण उजेडात उडतो. तुम्ही पहिलं बरं चित्र फ्रेम करून भिंतीवर लावाल आणि काही वर्षांनी त्यातली फुलं फिकी पडलेली असतील, असं कुणाचंच होऊ नये.

ब्रश दोन घ्या, फार तर तीन. ८ किंवा १० नंबरचा राउंड, म्हणजे गोल आणि टोकदार, एक इंची फ्लॅट, म्हणजे चपटा, हवा तर एक ४ नंबर. नंबर प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो त्यामुळे डोळ्यांनी बघून घ्या. नवीन ब्रशला डिंक लावून टोक बसवलेलं असतं, म्हणून दुकानात सगळेच ब्रश टोकदार दिसतात. पाणी मागा, डिंक धुवून काढा, ब्रश भिजवून झटका, टोक स्वतःहून परत आलं तर घ्या. सिंथेटिक चालतो, छान चालतो. मोठा ब्रश बघून लोक घाबरतात पण टोक चांगलं असेल तर ८ नंबरनेही डोळ्याची पापणी काढता येते, उलट बारीक ब्रशने आकाश रंगवायला गेलात तर नुसत्या रेघा दिसतात. पाण्याच्या भांड्यात ब्रश उभा ठेवून विसरू नका, टोक वाकतं आणि दांडा फुगून धातूची नळी सैल होते. आणि टोक करायला तोंडात घालू नका, कॅडमियम आणि कोबाल्टचे रंग पोटात जायच्या लायकीचे नसतात.

अ‍ॅक्रिलिकचा क्लास असेल तर एकच सांगते, तो वाळला की परत विरघळत नाही, त्यामुळे ब्रश सतत ओला ठेवा आणि जलरंगाचे चांगले ब्रश त्याला लावू नका. तैलरंगासाठी मी सुरुवातीला पाण्यात धुता येणारे ऑइल सुचवते, बंद खोलीत टर्पेंटाइनचा वास सगळ्यांना सोसत नाही. एक गोष्ट मात्र अगदी गंभीरपणे सांगते, जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या बोळा करून डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता तयार होते, बोळ्यात ती साठते आणि चिंध्या आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

ईझल, लाकडी पेटी, मास्किंग फ्लुइड, फॅन ब्रश यातलं काहीही आत्ता नको. एक प्लायचा बोर्ड, मास्किंग टेप, दोन पाण्याची भांडी, एक जुनं सुती फडकं आणि पांढरी प्लेट. प्लेट पांढरीच हवी, नाहीतर रंग खरा कसा आहे ते कळत नाही. आणि चष्मा! याबद्दल कुणी विचारत नाही पण मोठ्या माणसांच्या क्लासमधला अर्धा त्रास त्याचाच असतो. जवळचा कागद आणि चित्र काढायला समोर लांब मांडलेलं भांडं आळीपाळीने बघायचं असतं, दोन्हीसाठी चष्मा वेगळा असेल तर दोन्ही आणा, बोर्ड थोडा तिरका ठेवा म्हणजे मानही दुखणार नाही.

राहिला शेवटचा प्रश्न, जो बहुतेक जण सगळं ऐकून झाल्यावर जरा संकोचून विचारतात, की मॅडम एवढा महाग कागद आमच्या हातून खराब झाला तर? तर पॅड घेऊ नका, मोठी शीट घ्या, ती २२ बाय ३० इंचांची असते आणि बहुतेक वेळा पॅडपेक्षा स्वस्त पडते. लांबीचे चार आणि रुंदीचे दोन भाग करा, साडेसात बाय अकराचे आठ तुकडे होतात. आणि चांगला कॉटन कागद दोन्ही बाजूंनी रंगवता येतो, मागची बाजू सरावाला अगदी बिनधास्त वापरा. म्हणजे एका शीटमध्ये सोळा वेळा आकाश रंगवता येईल, आणि पहिली चार-पाच खराब होतील असं धरूनच या.