थांबायचे कोणी ठरवायचे?

रविवार, रात्री

मुहम्मद अली आणि लॅरी होम्स यांची २ ऑक्टोबर १९८० ची लास व्हेगासमधली मुष्टियुद्धाची लढत आज पुन्हा पहिल्या फेरीपासून पाहिली. अली तेव्हा अडतीस वर्षांचा होता. वजन त्याने झपाट्याने उतरवले होते, त्यामुळे पोट सपाट होते आणि पहिल्या दृष्टिक्षेपात तो दहा वर्षांनी तरुण वाटत होता. पण घंटा वाजली आणि लक्षात आले की ठोसा येताना त्याला दिसतो आहे, मान मात्र वेळेवर वळत नाही. होम्स एकेकाळी त्याचाच सरावातला जोडीदार होता. तिन्ही परीक्षकांच्या गुणपत्रिकांवर अलीच्या नावे एकही फेरी नव्हती.

ही लढत अपघाताने झाली नव्हती, हे मला सर्वांत जास्त बोचते. त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या नावाजलेल्या रुग्णालयात अलीची तपासणी झाली होती. बोट नाकाच्या शेंड्याला लावताना त्याचा नेम किंचित चुकत होता आणि एका पायावर उड्या मारताना अपेक्षित चपळता दिसत नव्हती, अशी नोंद तिथल्या डॉक्टरांनी केली होती. तरीही त्याला लढण्याचा परवाना मिळाला. त्याही आधी, सप्टेंबर १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्स या मुष्टियोद्ध्याने पंधरा फेऱ्या त्याला झोडपल्यानंतर, त्याच्या चमूतले डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडे खराब होत असल्याचा अहवाल अलीला, त्याच्या पत्नीला आणि व्यवस्थापकाला पाठवला होता. कोणाचेही उत्तर आले नाही, असे ते पुढे सांगत असत. त्यांनी अलीची साथ सोडली. माणूस ऐकत नसेल तर निदान त्याच्या नाशात आपला हात नको, हा त्यांचा निर्णय मला योग्य वाटतो; पण त्यांच्या जाण्याने अलीच्या कोपऱ्यातला, म्हणजे रिंगणाकडेला बसणाऱ्या त्याच्या साथीदारांतला, ‘नाही’ म्हणणारा एक आवाज कमी झाला, हेही खरे.

अली ज्यात लढायचा त्या हेवीवेट गटाला वजनाची वरची मर्यादाच नसते. शंभर किलोच्या आसपासचा माणूस पायांपासूनचा सगळा जोर मुठीत आणून हनुवटीवर मारतो, तेव्हा कवटी गर्रकन वळते आणि द्रवात तरंगणारा मेंदू क्षणभर मागे राहून पिळवटला जातो. त्यात चेताकोशांचे बारीक तंतू ताणले जातात. त्यासाठी माणूस बेशुद्धच पडला पाहिजे असे नाही. सरावातले हजारो ठोसेही हिशेबात जमा होत राहतात, आणि अली तर मार सोसण्याची सवय व्हावी म्हणून सरावात जोडीदारांना मुद्दाम मारू द्यायचा. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञाने मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीचे आणि मंदावत्या बुद्धीचे वर्णन १९२८ मध्येच केले होते. म्हणजे अलीच्या जन्माआधी चौदा वर्षे.

मुष्टियोद्ध्याने स्वतःच वेळ ओळखून थांबावे, ही अपेक्षा म्हणूनच मला अन्यायाची वाटते. ज्या मेंदूने हा निर्णय घ्यायचा, तोच तर मार खात असतो. शिवाय दुखत असतानाही पुढे जाणे हाच ज्याचा वर्षानुवर्षांचा अभ्यास, त्याला वेदनेचा इशारा कळणार तरी कसा? हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो ४९ लढती जिंकून, एकही न हरता १९५६ मध्ये निवृत्त झाला आणि पुन्हा कधीही लढतीसाठी उतरला नाही, याचे उदाहरण नेहमी दिले जाते. पण एका माणसाच्या असामान्य निग्रहावर सगळ्या खेळाचा नियम बेतता येत नाही. जॉर्ज फोरमनने पंचेचाळिसाव्या वर्षी, १९९४ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवले, ते पाहून किती जणांनी आपली निवृत्ती लांबवली असेल, या विचाराने मला भीती वाटते.

मला आदर वाटतो तो एडी फ्यूच यांचा; ते अलीचा प्रतिस्पर्धी जो फ्रेझर याचे प्रशिक्षक होते. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिलाजवळच्या त्या भयंकर उकाड्यात दोघांच्या चौदा फेऱ्या झाल्या होत्या, फ्रेझरचा उजवा डोळा सुजून मिटला होता, डाव्याची दृष्टी आधीच अधू होती, आणि अलीच्या उजव्या हाताचे ठोसे त्याला दिसत नव्हते. फ्रेझर उठायला निघाला होता. एकच फेरी उरली होती, आणि विजेतेपदही पणाला होते. फ्यूच यांनी लढत थांबवली. पाच वर्षांनी होम्सविरुद्ध दहाव्या फेरीनंतर अलीचे प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी हेच केले आणि ‘आणखी एक फेरी’ म्हणून विनवणाऱ्या, अलीच्याच चमूतल्या बंडिनी ब्राउनचे ऐकले नाही. पण तोवर दहा फेऱ्यांचा मार अंगावर पडून गेला होता.

इतके होऊनही फ्रेझर आणि अली दोघेही डिसेंबर १९८१ मध्ये, आठवड्याभराच्या अंतराने, पुन्हा रिंगणात उतरले. फ्रेझरची शिकागोतली लढत बरोबरीत सुटली. अली बहामात ट्रेव्हर बर्बिककडून गुणांवर हरला. १९८४ मध्ये अलीच्या पार्किन्सन्सचे, म्हणजे कंपवाताचे, निदान जाहीर झाले. त्याचा सगळा दोष ठोशांनाच द्यावा का, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. माझे म्हणणे त्या वादाच्या निकालावर अवलंबून नाही. १९८० च्या तपासणीत जे दिसले होते, तेवढ्यावरच परवाना नाकारता आला असता. योद्ध्याचे बोलणे, चाल आणि प्रतिसादाचा वेग यांची दरवर्षी त्याच्याच मागच्या नोंदींशी तुलना व्हावी, आणि घसरण दिसताच परवाना थांबवावा. मग तो कितीही मोठा असो, तिकिटे कितीही खपलेली असोत आणि तो स्वतः लढायला कितीही आतुर असो.