खाडी असताना तलाव कशाला?

"अख्खी ठाणे खाडी त्या फ्लेमिंगोंना मोकळी आहे, मग नवी मुंबईत नेरुळच्या एका तलावासाठी तुम्ही एवढे का भांडता?" सोसायटीच्या सभेत, नात्यातल्या लग्नात, दवाखान्याच्या बाकावरसुद्धा मला हे विचारले गेले आहे. विचारणाऱ्यांत बहुतेक भली माणसे असतात, म्हणून एकदा नीट उत्तर देतो.

रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, खाडीत चरतो तो ओहोटीला. पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या चिखलातले शेवाळ आणि सूक्ष्म जीव तो चोचीने गाळून खातो. भरतीत तोच चिखल खोल पाण्याखाली जातो आणि पुढची ओहोटी लागेपर्यंत थव्यांना उथळ पाण्याची, निवांत जागा लागते. नेरुळचा तो तलाव, म्हणजे दिल्ली पब्लिक स्कूलजवळचा डीपीएस तलाव, ही तशी जागा आहे. २०१५ साली खाडीतले सुमारे १७ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य झाले, २०२२ मध्ये खाडी महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेली, पण तलाव अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिला; पक्षी मात्र भरती-ओहोटीबरोबर ती हद्द रोज ओलांडत राहिले.

एप्रिल २०२४ मध्ये तलावाला खाडीचे पाणी देणारी वाट बुजलेली होती. उधाणाच्या दिवशीही पाणी आत येईना, तळ सुकत चालला, आणि तरी सवयीने थवे तिथेच उतरत होते. पक्षी मरत असल्याचा निरोप आला म्हणून आम्ही गेलो, तेव्हा रस्त्याकडेला एक पक्षी उभा राहायला धडपडत होता. मान उचलायचा आणि पुन्हा खाली टाकायचा. आमच्यातल्या एका मुलीने त्याला ओढणीत गुंडाळून मांडीवर घेतले आणि डोळ्यांवरचा पदर जराही हलू दिला नाही, कारण अंधारात पक्षी कमी घाबरतो. वनखात्याची गाडी येण्याआधीच तो गेला. बराच वेळ ती त्याला खाली ठेवायला तयार नव्हती. मग म्हणाली, "काका, आपण नुसते अर्जच करत राहिलो."

अर्ज, स्मरणपत्रे, माहितीचा अधिकार हीच आपली वाट, असा आग्रह माझाच होता, आणि कायदा सोडून वागावे असे मला आजही वाटत नाही. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या ३० एकरांना संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून मंजुरी दिली, तेव्हा अर्ज वाया गेले नाहीत, असे मी तिला म्हणालो. तो पक्षी मेला नसता तरी मंजुरी मिळाली असती का, असे तिने विचारले. मला सांगता आले नाही.

तुमचेही घर भरावावरच उभे आहे, असेही लोक सुनावतात. ते खरे आहे आणि मला बोचते. पण म्हणून उरलेली पाणथळ जागाही बुजवावी, हे त्यातून निघत नाही. आम्हाला विकासविरोधी म्हणणाऱ्यांनी एवढेच सांगावे, की भरतीच्या वेळी या पक्ष्यांनी कुठे उभे राहायचे?

क्षेत्र राखीव म्हणून मंजूर झाले तरी पाणी खाडीतूनच यायचे आहे. म्हणून उधाणाच्या दिवशी आम्ही तलावाच्या मुखाशी जाऊन ते आत शिरते का ते पाहतो, आणि शिरत नसेल तर मी पुन्हा अर्ज लिहितो. ती मुलगी त्यावर सही करते, पण आता तिथूनच छायाचित्रे वर्तमानपत्रांकडेही पाठवते, आणि मी तिला थांबवत नाही.