टाळी वाजली की पुढे पळणारं घड्याळ

घड्याळ दुरुस्तीच्या जॉब कार्डवर आधीच्या दोन नोंदी होत्या. पहिली: ‘घड्याळ पुढे जाते. चुंबकत्व काढले. वेळ बरोबर.’ दुसरी: ‘तपासले, दोष आढळला नाही.’ दुसरीखाली माझीच सही होती.

तिसऱ्यांदा घड्याळाच्या मालकीणबाई स्वतः आल्या. वॉरंटी संपायला नऊ दिवस उरले होते. बालवाडीत शिकवतात हे त्यांनी तेव्हाच सांगितलं, आधीच्या दोन्ही खेपांना आम्ही कधी विचारलंच नव्हतं. घड्याळ काउंटरवर ठेवलं, पण त्यावरचा हात काही काढेनात. दुसऱ्या हाताने एक छोटी वही पुढे सरकवली. “दादा, आधी हे वाचा. मग घड्याळ घ्या.”

वहीत तीन आठवड्यांच्या नोंदी होत्या. सकाळी दहा आणि दुपारी चार अशा दोन वेळा मोबाइलशी पडताळलेल्या. ‘सोमवार, +१ मि. ४० से.’ ‘मंगळवार, +१ मि. ३० से.’ ‘रविवार, काही नाही.’ पुढचा रविवारही कोरा, मधली एक सुट्टीही कोरी. मी म्हणालो, “बाई, स्पीकरजवळ वगैरे ठेवता का?” त्या म्हणाल्या, “तुम्ही मागच्या वेळीही हेच विचारलं होतं. घड्याळ मी हातातून काढतच नाही.”

ऑटोमॅटिक घड्याळ मिनिटांच्या हिशेबात पुढे पळू लागलं की आमच्या धंद्यात पहिला संशय चुंबकत्वावर जातो. टॅबलेटचं कव्हर, स्पीकर, पर्सचं बटण, सगळीकडे लोहचुंबक असतात. घड्याळाची चाल ठरवणारं चाक म्हणजे बॅलन्स व्हील, आणि त्याला मागेपुढे हलवत ठेवते ती केसासारखी बारीक, गुंडाळलेली हेअरस्प्रिंग. ती भारली गेली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. चिकटलेला भाग काम करत नाही, म्हणजे स्प्रिंगची लांबी जणू कमी होते. आखूड स्प्रिंग ताठ, म्हणून बॅलन्स व्हील भराभर हलतं आणि घड्याळ पुढे जातं. चुंबकत्व काढणाऱ्या डिमॅग्नेटायझरवर काही सेकंद धरलं की काम झालं. इतकं सोपं आहे, म्हणूनच हात आपोआप तिकडे जातो.

या वेळी आधी होकायंत्र घेतलं. घड्याळ त्याच्याजवळून हळूहळू फिरवलं. सुई हलली नाही. मग टाइमिंग मशीनवर चढवलं. हे घड्याळ तासाला २८,८०० ठोक्यांचं, म्हणजे सेकंदाला आठ. मशीनचा मायक्रोफोन प्रत्येक ठोका ऐकतो आणि पडद्यावर रेघ काढतो. रेघ जवळजवळ आडवी. दिवसाला +५ सेकंद, अँप्लिट्यूड, म्हणजे बॅलन्स व्हीलचा झोका, २८५ अंश. घड्याळ सहाही बाजूंनी ठेवून पाहिलं, सगळ्या पोझिशनमध्ये ठीक. मागच्या खेपेला मी इथेच थांबलो होतो आणि सही केली होती.

पण ते कोरे रविवार डोक्यातून जाईनात. बालवाडीत दिवसभर काय चालतं? गाणी. आणि गाण्यांबरोबर टाळ्या.

घड्याळ मनगटावर बांधलं आणि बाकावर बसल्या बसल्या जोरात टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघू लागले. घड्याळ परत मशीनवर ठेवलं. रेघ सरळ. पुन्हा टाळ्या, पुन्हा मशीन. चौथ्या खेपेला पडद्यावरची रेघ तिरकी होऊन सरसर वर चढत गेली. +३९० सेकंद. म्हणजे दिवसाला साडेसहा मिनिटं, सहा तासांना साधारण १ मिनिट ३७ सेकंद. मी वही उघडून पुन्हा पाहिली. बाईंचा हिशेब तंतोतंत होता.

मागचं झाकण उघडण्याआधी त्याच्या खाचा लूपखाली, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगाखाली, नीट पाहिल्या. एकही ओरखडा नव्हता. चुंबकत्व काढायला झाकण उघडावं लागत नाही, त्यामुळे कारखान्यातून निघाल्यापासून हे घड्याळ कुणीच उघडलेलं नव्हतं. आत मायक्रोस्कोपखाली हेअरस्प्रिंगचे आतले दोन वेढे एकमेकांना लागलेले दिसले. दिवा तिरका केला तर त्यांच्यामध्ये तेलाची चकाकती फीत. बॅलन्सचा दांडा ज्यात फिरतो त्या वरच्या ज्युएलमध्ये (बारीक खड्यात) तेल जास्त पडलं होतं, ते दांड्यावरून ओघळून स्प्रिंगपर्यंत आलं होतं. हादरा बसला की वेढे एकमेकांना भिडायचे आणि तेल त्यांना धरून ठेवायचं. पुढचा एखादा हादरा त्यांना सोडवायचा. म्हणून आमच्या बाकावर शांत पडलेलं घड्याळ नेहमी निर्दोष.

वरिष्ठांचं म्हणणं पडलं की इतक्या टाळ्या म्हणजे गैरवापर, वॉरंटीत बसणार नाही. माझं तेव्हा त्यांच्याशी चांगलंच वाजलं. झाकणावर ‘शॉक रेझिस्टंट’ कोरलेलं आहे. आयएसओ १४१३ या मानकाप्रमाणे त्याचा अर्थ असा, की एक मीटरवरून कठीण लाकडी जमिनीवर पडल्याइतका धक्का घड्याळाने सोसला पाहिजे. ते घड्याळ मुलांबरोबरच्या टाळ्या सोसत नसेल तर दोष टाळ्यांचा नाही. शेवटी त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि कार्डावर सही केली.

बॅलन्स उतरवला, स्प्रिंग सॉल्व्हंटमध्ये दोनदा धुतली, ज्युएल साफ करून टाचणीच्या टोकाहून कमी तेल दिलं. झाकणाची रबरी रिंग नवी घातली, पाण्याची चाचणी घेतली. नंतर सहा दिवस रोज सकाळी घड्याळ हातात घालून टाळ्या वाजवल्या आणि रेघ पाहिली. सहा दिवसांनी शेजारचे दोघे वर बघायचे थांबले होते.

जुन्या कार्डावरची माझी ‘दोष आढळला नाही’ ही नोंद मी खोडली आणि खाली लिहिलं: ‘हेअरस्प्रिंगवर तेल, उत्पादनातील दोष, ग्राहकाची तक्रार पहिल्या दिवसापासून बरोबर.’ बाई आल्यावर कार्ड त्यांच्यासमोर ठेवलं आणि माफी मागितली. त्यांनी ते सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचलं.

मग घड्याळ हातात घातलं, काउंटरपाशी उभ्या राहून दहा टाळ्या वाजवल्या, आणि घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. “आता लावा तुमच्या मशीनवर.”

रेघ आडवी होती. +४ सेकंद. पर्समधून वही काढून त्यांनी तारीख घातली आणि पुढे तो आकडा लिहिला.