कोकणकडा, केदारेश्वर आणि थर्माकोलचा डोंगर

सहा वर्षांपूर्वी हरिश्चंद्रगडावरून परतल्यावर कोकणकड्याचा एक फोटो मी मोठ्या कौतुकाने घरी दाखवला होता. एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे पाच फोटो (एक्स्पोजर) एकत्र करून केलेला, अस्सल एचडीआर. कड्याची भेग न् भेग दिसत होती, गवत पोपटी, आकाश जांभळं, ढग तर कोरून काढल्यासारखे. आईने चष्मा वर-खाली करत तो बघितला आणि विचारलं, "हा डोंगर आहे की गणपतीतली आरास?"

तेव्हापासून घरात त्या फोटोचं नाव 'थर्माकोलचा डोंगर'. गेल्या नोव्हेंबरात पुन्हा गडावर गेलो ते त्याच जागेवरून तोच फोटो नीट काढायला. सोबत एक जुना मित्र होता. तो पक्का ट्रेकर. फोटोग्राफीबद्दल त्याचं मत एवढंच की तिच्यामुळे जेवायला उशीर होतो.

वाटेबद्दल थोडक्यात. आम्ही पुण्याहून आळेफाटा, ब्राह्मणवाडा, कोतूळ करत पाचनईला गेलो. चहा-नाश्ता धरून साडेचार-पाच तास. पाचनईची वाट सगळ्यांत सोपी. ट्रायपॉड पाठीवर असूनही अडीच तासांत गडावरच्या देवळापाशी पोचलो. गाडी नसेल तर आळेफाटा–कल्याण रस्त्यावर खुबी फाट्याला उतरून खिरेश्वर आणि तोलार खिंडीमार्गे येता येतं, पण ती वाट लांब आहे आणि मध्ये कातळटप्पा आहे. कॅमेऱ्याचं ओझं घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्याने पाचनईच धरावी. गड अभयारण्यात येतो, पायथ्याशी नोंद करून शुल्क भरावं लागतं. मुक्कामाचे नियम बदलत असतात, ते गावातच विचारून घ्या. शनिवार-रविवार शक्यतो टाळा, कारण रिकामा कडा मिळणं हीच अर्धी लढाई असते. आम्ही गुरुवारी चढलो.

देवळापासून कड्यापर्यंत अर्धा तास धरा. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून साडेचारला तिथे असावं. लवकर जायचं कारण वेगळंच आहे. कड्याच्या काठाशी फिरून जागा ठरवायची ती उजेडात, आणि ठरली की तिथून हलायचं नाही. अंधार पडताना काठावर व्ह्यूफाइंडरला डोळा लावून मागे-पुढे सरकणारी माणसं मी पाहिली आहेत. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. दरी बघायची तर जुन्या पद्धतीने, पोटावर झोपून.

आता प्रश्न असा की इथे एचडीआर लागतंच कशाला? कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा. संध्याकाळी त्याची एक भुजा उन्हात तांबूस होते आणि दुसरी स्वतःच्याच सावलीत जाते. त्यात सूर्यही फ्रेममध्ये घेतला की उजेड आणि सावली यांच्यातला फरक एका फोटोत मावत नाही. आकाशासाठी एक्स्पोजर धरलं तर सावलीतला कडा डांबर, आणि कड्यासाठी धरलं तर आकाश उडतं.

पण नुसत्या उन्हातल्या भुजेकडे कॅमेरा केला तर एक फ्रेम पुरते. हे मला सहा वर्षांपूर्वी कळत नव्हतं. तेव्हा मी दिसेल त्याची पाच-पाच एक्स्पोजर घेत सुटलो होतो. आता आधी एक साधी फ्रेम घेतो आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघतो. आलेखातला डोंगर दोन्ही टोकांच्या भिंतींच्या आत मावत असेल तर ब्रॅकेटिंग, म्हणजे कमी-जास्त उजेडाच्या फ्रेमचा संच, करत नाही. रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या, फाइलमधून सावल्या बऱ्याच वर खेचता येतात. हल्लीचे सेन्सर त्या बाबतीत फार पुढे गेलेत. जेपीईजीत काढणाऱ्यांनी मात्र ही चैन करू नये.

सूर्य क्षितिजापासून दोन बोटं वर असताना मी पहिला संच घेतला. लेन्सचं छिद्र एफ/११, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, दोन-दोन स्टॉपच्या अंतराने पाच फ्रेम: १/५००, १/१२५, १/३०, १/८ आणि १/२ सेकंद. दर स्टॉपला प्रकाश दुप्पट, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममध्ये २५६ पटींचा फरक. छिद्र बदलायचं नाही, नाहीतर फोकसची खोली फ्रेमगणिक बदलते. बदलायचा तो फक्त शटरचा वेळ. फोकस एकदा धरून मॅन्युअलवर टाकायचा. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवायचं. सेल्फ टायमर दोन सेकंदांवर ठेवला की बऱ्याच कॅमेऱ्यांत पाचही फ्रेम एका दाबात निघतात. तुमच्या कॅमेऱ्यात निघतात का, ते घरीच तपासा.

एवढं सगळं पाठ असून मी माती खाल्ली. ऑटो आयएसओ चालू राहिला होता, आदल्या दिवशी घरी कुणाचा तरी वाढदिवस काढलेला. कॅमेऱ्याने शटर वाढवण्याऐवजी आयएसओ वाढवला. सावल्या स्वच्छ मिळाव्यात म्हणून जी सगळ्यांत उजळ फ्रेम घ्यायची, तीच आयएसओ १६०० वर! स्क्रीनवर सगळं छान दिसत होतं. मोठं करून पाहिलं तर सावलीतल्या कड्यावर रव्यासारखे दाणे. वर दिलेले आकडे दुसऱ्या संचाचे आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो.

दुसरा संचही हलला. कोकणकड्यावर वारा खालून वर येतो. टोपी दरीत टाकावी तर ती परत वर येते म्हणतात, तसा. ट्रायपॉड स्थिर राहावा म्हणून सॅक मधल्या हुकाला टांगायची, हे प्रत्येक ठिकाणी वाचायला मिळतं. टांगली. ती घड्याळाच्या लंबकासारखी झुलायला लागली आणि तिच्याबरोबर ट्रायपॉडही. शेवटी मित्राने सॅकखाली एक धोंडा सरकवला. सॅक धोंड्याला टेकली, झुलणं थांबलं. "एवढंच होतं तर आधी सांगायचंस," म्हणाला आणि पुन्हा शेंगदाणे खात बसला. मधला दांडा खाली करून टाका, पाय पूर्ण लांब करू नका आणि सॅक जमिनीला टेकलेली ठेवा.

सूर्य टेकायच्या आधी पाच मिनिटं, टेकताना आणि टेकल्यावर दहा मिनिटांनी, असे तीन संच मिळाले. शेवटच्या वेळी उजेडातला फरक इतका मवाळ झाला होता की तीन फ्रेमही जास्तच होत्या. खरं तर कड्याचा सगळ्यांत देखणा रंग तेव्हाच आला होता. पण लोक सूर्य बुडाला की टाळ्या वाजवून उठतात.

फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे नावाच्या फोटोग्राफरने १८५०च्या दशकात समुद्राची दृश्यं काढताना आकाशाची एक निगेटिव्ह आणि पाण्याची दुसरी जोडून एक छाप तयार केली होती, कारण त्या काळच्या निगेटिव्हच्या काचांवर दोन्ही एकदम उतरत नसत. धोंड्यावर बसून मी हे मित्राला सांगितलं. त्याने विचारलं, "मग त्याच्या आईला आवडला का?"

रात्री देवळाजवळच्या झोपडीत पिठलं-भाकरी आणि ठेचा. बॅटऱ्या झोपायच्या पिशवीत घेऊन झोपा, नोव्हेंबरच्या थंडीत त्या लवकर उतरतात. पहाटे तारामती शिखरावर गेलो तर चहूबाजूंनी धुकं. धुक्यात उजेड-सावलीचा फरकच उरत नाही, तिथे एचडीआरचं काही काम नाही. इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, दिसेल अशी आशा होती. त्याला दरीत ढग आणि पाठीशी ऊन लागतं, आमच्या पाठीशीही ढगच होते. लेन्सवर दव जमलं, ते पुसण्यात तासभर गेला.

ट्रिपचा खरा दिवस सुरू झाला तो नऊनंतर, केदारेश्वराच्या गुहेत. गुहेत कमरेएवढं पाणी, इतकं गार की पाय घातल्यावर पहिली दोन मिनिटं माणूस बोलत नाही. मधोमध भलं मोठं शिवलिंग. भोवती चार खांब होते, आज त्यांतला एकच अखंड उभा आहे. तोंडाकडून येणारा उजेड पाण्यावरून सरपटत लिंगापर्यंत जातो आणि मागच्या भिंतीला पोचेपर्यंत संपतो. बाहेरचं ऊन आणि आतला कोपरा एका फ्रेममध्ये घेतला तर एफ/८ला, आयएसओ १०० वर मला १/६० ते ४ सेकंद अशा पाच फ्रेम लागल्या, दोन-दोन स्टॉपच्या. म्हणजे कड्यावरच्याइतकाच पल्ला, आणि तोही सूर्य फ्रेममध्ये नसताना.

इथली अडचण पाण्याची. कुणी प्रदक्षिणेला उतरलं की लाटा उठतात. १/६० च्या फ्रेममध्ये खांबाचं प्रतिबिंब तुटक रेघांसारखं येतं, ४ सेकंदांच्या फ्रेममध्ये साईसारखं पसरतं. दोन्ही जोडली की पाण्यावर राखाडी डाग पडतात. सॉफ्टवेअरचं डीघोस्ट (हललेल्या गोष्टींचे दुहेरी ठसे काढणारी सोय) वापरलं तर ते कुठल्यातरी एका फ्रेममधलं पाणी उचलतं, आणि कुठल्या ते आपल्याला विचारत नाही. मी दोन गोष्टी केल्या. पाणी निवळेपर्यंत थांबलो, तळ्याकाठी कपडे सांभाळत बसतात तसा. आणि घरी आल्यावर संपूर्ण पाणी १ सेकंदाच्या एकाच फ्रेममधून घेतलं, बाकीच्या फ्रेम फक्त खडकासाठी.

थांबलो असताना नगरकडची पाच-सहा मुलं आली. "दादा, आमचा पण एक काढा ना, मोठ्या कॅमेऱ्याने." काढला. त्यांतल्या एकाने तेवढ्यात मोबाइलवर गुहेचा फोटो काढून दाखवला: आतलं लिंग दिसतंय, बाहेरचं गवतही दिसतंय, हातात धरून काढलेला, तीन सेकंदांत. मोबाइल स्वतःच भराभर अनेक फ्रेम घेऊन जोडतो. स्क्रीनपुरता तो फोटो माझ्यापेक्षा काही वाईट नव्हता. मोठ्या छपाईला कोपऱ्यातला खडक मेणासारखा दिसेल, एवढंच. फक्त फोनवर बघायचं असेल तर ट्रायपॉडचे दोन किलो वर नेऊ नका, त्याऐवजी पाणी न्या. आणि एक विनंती, कुणी ब्रॅकेटिंग करत असेल तर मधेच टॉर्च पेटवू नका.

घरी आल्यावरचं काम. फ्रेम लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये एचडीआर मर्जने जोडल्या. फुकटात करायचं तर डार्कटेबलमध्येही रॉ फाइली जोडता येतात. जोडताना 'ऑटो' सेटिंगची खूण काढून टाकतो. कड्यावरच्या पाच फ्रेमपैकी तीनच वापरल्या, १/५००, १/३० आणि १/२. मधल्या दोघींनी नवीन काही आणलं नव्हतं. गवत वाऱ्याने हललं होतं म्हणून डीघोस्ट 'लो'वर. 'हाय' केलं तर जिथे तिथे एकाच फ्रेमचे तुकडे बसतात आणि जोडणीचा फायदाच जातो.

माझा थर्माकोलचा डोंगर तयार झाला होता तो यापुढच्या पायरीवर. जोडलेल्या फाइलमध्ये उजेडाचा पल्ला प्रचंड असतो, स्क्रीनवर किंवा कागदावर तेवढा मावत नाही. तो दाबावा लागतो. वीस पायऱ्यांचा जिना सात पायऱ्यांच्या जागेत बसवायचा. सगळ्याच पायऱ्या सारख्या बुटक्या केल्या की चढल्यासारखं वाटत नाही. मी तेव्हा शॅडो (सावल्या) पूर्ण वर, हायलाइट (उजळ भाग) पूर्ण खाली आणि क्लॅरिटी (बारकाव्यांचा ठसठशीतपणा) साठच्या पुढे नेली होती. परिणामी सूर्याच्या समोर असलेला कडा आणि सूर्याच्या पाठचा कडा सारखेच उजळ झाले. सूर्य आहे कुठे, तेच डोळ्याला कळेना. शिवाय कड्याच्या कडेने आकाशात पांढरी झालर आली. सॉफ्टवेअर प्रत्येक भागाची शेजारच्या भागाशी तुलना करून फरक वाढवतं. काळ्या कड्याला लागून असलेलं आकाश म्हणून जादा उजळतं.

या वेळी उलटं केलं. आधी सगळ्यांत काळं काय राहायचं ते ठरवलं: डावीकडचा खालचा कोपरा, जिथे मला प्रत्यक्षातही काही दिसलं नव्हतं. तिथे ब्लॅक खाली नेला आणि हात लावला नाही. शॅडो फक्त ३५ने वर, तेही मास्क लावून सावलीतल्या भुजेपुरते. क्लॅरिटी ८. सॅच्युरेशन शून्य. सूर्याभोवतीचं आकाश जरासं उडू दिलं. मग फाइल बंद करून झोपलो. हे न चुकता करा. रात्री बाराला बरोबर वाटलेला फोटो सकाळी चहाच्या वेळी भडक निघतो, दर वेळी. छापायचा असेल तर स्क्रीनचा उजेड कमी करूनच काम करा, नाहीतर प्रिंट काळवंडलेली येते.

बारा बाय अठराची प्रिंट काढून आणली. आईने ती खिडकीपाशी नेली, बराच वेळ बघितली.

"चांगलाय. पण हा खालचा कोपरा काळा आलाय बघ. तिथलं काहीच दिसत नाही."