ती मुलं तुम्हाला खरं सांगतात का?

पुण्यात शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी मुलाखती घेते म्हटलं, की पहिला प्रश्न बहुतेक हाच येतो: ती मुलं तुम्हाला खरं सांगतात का? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सांगतात. पण सांगितल्याने आपलं काही बिघडणार नाही, याची आधी त्यांना खात्री लागते. सुदान, येमेन किंवा अफगाणिस्तानातून आलेल्या मुलाचं इथलं राहणं कागदांवर टिकून असतं. व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी, परदेशी भाडेकरू ठेवल्याची माहिती देणारा, घरमालकाने भरायचा फॉर्म (सगळे त्याला सी फॉर्म म्हणतात), कॉलेजचं बोनाफाईड, भाडेकरार, मग मुदतवाढ. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. अशा मुलासमोर मी रेकॉर्डर ठेवते आणि वर संमतिपत्रावर सही मागते. त्याला मी कोण वाटेन?

लेखी संमतीचा नियम त्याच्याच रक्षणासाठी आहे, हे मला मान्य आहे. तरी त्याच्या नावानिशी एक कागद माझ्या कपाटात राहतो, हे मला खुपतं. म्हणून संशोधन नैतिक चौकटीत होतंय ना हे पाहणाऱ्या एथिक्स कमिटीकडे मी तोंडी संमतीची परवानगी मागते. आणि ती संमती एकदा घेऊन भागत नाही. बोलणं नाजूक जागी आलं की थांबून विचारते, 'हे ठेवू का?' संपल्यावर पुन्हा विचारते. कुणी मधला भाग काढायला सांगतं, आणि बहुधा तोच सगळ्यात मोलाचा असतो. तरी काढते.

'भारत कसा वाटला?' असं विचारलं, तर पाहुण्याने द्यावं तसं उत्तर मिळतं: लोक चांगले, जेवण तिखट. मी विचारते, पहिली खोली कशी मिळाली? मग कोंढव्यातला ब्रोकर येतो, डिपॉझिट येतं. फोनवर रिकामा असलेला फ्लॅट प्रत्यक्ष चेहरा दिसल्यावर 'कालच गेला' होतो. सी फॉर्मची कटकट नको म्हणणारे मालक येतात, आणि ईदला आठवणीने डबा पाठवणाऱ्या शेजारच्या काकूही येतात. रंग, धर्म, पैसा, एकटेपणा यांतलं काहीही मला वेगळं विचारावं लागत नाही.

दुभाषा मात्र मी स्वतः ठरवत नाही. इथली प्रत्येक देशाची मंडळी थोडी, सगळे एकमेकांना ओळखतात. अरबीत किंवा 'दरी' या अफगाणी भाषेत बोलायचं असेल तर सोबत कोण चालेल, हे त्यालाच विचारते. पुष्कळदा उत्तर येतं, कोणीच नको, मोडक्या इंग्रजीत बोलतो.

आणि 'खरं' बदलतंही. १५ ऑगस्ट २०२१ला काबूल तालिबानच्या हाती गेलं. दहाच दिवसांनी, भारताबाहेर असलेल्या अफगाण नागरिकांचे आधीचे व्हिसा आपल्या सरकारने रद्द ठरवले. घरी गेलेले विद्यार्थी तिकडेच अडकले आणि इथे असलेल्यांना परतायची धास्ती. शिक्षण संपलं की गावी जाऊन शिकवणार म्हणणारा मुलगा पुढच्या भेटीत गावाचं नावही काढत नाही. यातलं खोटं कुठलं म्हणायचं? मी दोन्ही उत्तरं तारखेसकट ठेवते. सरकारी नोकरीत असलेल्या वडिलांबद्दल तो गप्प राहिला, तर त्याचं ते गप्प राहणंही लिहून ठेवते.

लिहिताना नुसतं नाव बदलून काही होत नाही. अमुक देशाची, फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाची मुलगी म्हटलं की तिचे देशबांधव तिला क्षणात ओळखतील, आणि बातमी तिच्या घरापर्यंत जाईल. देशच बदलून टाकला तर संशोधन खोटं ठरतं. म्हणून मी 'पश्चिम आशियातली, पदवीच्या वर्गातली' एवढंच लिहिते आणि तपशील गाळल्याचं तिथेच नमूद करते. छापण्याआधी तिचा भाग तिला वाचायला देते. तिने खोडलेलं खोडलेलंच राहतं.